परदेशी स्पीड पोस्ट मध्येच अडकले, तर उत्तर कोणी द्यायचे?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी युरोपीय संघातील एका देशात शिकते. तिच्यासाठी त्यांनी कोल्हापुरी चपलांचे दोन जोड, एक साडी आणि अर्धा किलो कांदा-लसूण मसाला आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्टाने पाठवला. पाचव्या दिवशी मुंबईहून रवाना झाल्याची नोंद दिसली आणि त्यानंतर अकरा दिवस काहीच दिसत नाही. येथे खिडकीवर सांगण्यात आले की वस्तू देशाबाहेर गेली, आता आमच्या हातात काही नाही. मुलीने तिकडे विचारले, तर आमच्याकडे अशी वस्तू आलेलीच नाही असे उत्तर मिळाले. मग वस्तू गेली कुठे, उत्तर नेमके कोणी द्यायचे, आणि पुढच्या वेळी सरळ खासगी कुरिअर करावे का?

ताई, मी चौतीस वर्षे टपाल खात्यात काढली. त्यांतील निम्म्याहून अधिक काळ परदेशी टपालाशी संबंध आला, आणि निवृत्तीनंतरही चपला व गूळ बाहेर पाठवणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या व्यावसायिकांचे कागद मी तपासून देतो. म्हणून आधी निःसंदिग्ध उत्तर देतो आणि कारणे नंतर सांगतो. उत्तर देण्याची जबाबदारी आपण जिथे पैसे भरले त्या खात्याची, म्हणजे भारतीय टपाल खात्याची आहे. वस्तू देशाबाहेर गेली म्हणून ती संपत नाही. तिकडच्या खात्याला जाब विचारण्याची अधिकृत वाट आपल्या खात्याकडेच असते; आपल्या मुलीकडे ती नसते. ‘आमच्या हातात काही नाही’ असे सांगणारा कर्मचारी खोटे बोलत असतो असे मी म्हणणार नाही. बहुतेक वेळा त्याला ही वाट कोणी शिकवलेलीच नसते.

ज्याला आपण परदेशी स्पीड पोस्ट म्हणतो ती ईएमएस नावाची सेवा आहे, पण ईएमएस नावाची कंपनी जगात कुठेही नाही. खासगी कुरिअरमध्ये कोल्हापुरात पार्सल घेणारा, विमानात चढवणारा आणि तिकडे दारात नेऊन देणारा एकाच मालकाचा माणूस असतो. ईएमएसमध्ये मात्र दोन स्वतंत्र देशांची, स्वतंत्र कायद्यांची आणि स्वतंत्र हिशेबांची टपाल खाती एका कराराने बांधलेली असतात. आपले खाते वस्तू गोळा करून विमानापर्यंत नेते, तिकडचे खाते ती उतरवून घेऊन बटवडा करते. या व्यवस्थेचे बळ आणि तिची दुखरी जागा, दोन्ही याच सांध्यात आहेत, आणि आपली वस्तू आज कागदोपत्री त्याच सांध्यात आहे.

या सहकार्याची मुळे ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या तहात आहेत. त्यातूनच पुढे जागतिक टपाल संघ आकाराला आला आणि भारत १८७६ मध्ये त्यात सामील झाला. सगळे सदस्य देश मिळून टपालासाठी एकच प्रदेश मानायचा, ही त्या तहातली मूळ कल्पना. त्याआधी प्रत्येक देशाशी वेगळा करार आणि वाटेतल्या प्रत्येक देशाचा वेगळा आकार असे. तहानंतर ज्या देशात तिकीट लावले त्याने पैसे ठेवायचे आणि दुसऱ्याने पत्र विनामूल्य वाटायचे, असे ठरले. जितकी पत्रे जातात साधारण तितकीच उत्तरे येतात, हा त्यामागचा हिशेब. तो जवळजवळ शंभर वर्षे चालला. पुढे काही देशांकडे येणारे टपाल जाणाऱ्याच्या कितीतरी पट होऊ लागले, तेव्हा १९६९ च्या टोकियो अधिवेशनात वाटणाऱ्या देशाला मोबदला देण्याचे मान्य झाले. हा मोबदला किती असावा यावरचे भांडण आजही संपलेले नाही. २०१९ मध्ये तर अमेरिका याच मुद्द्यावर संघातून बाहेर पडण्याच्या बेतात होती आणि जिनिव्हात खास अधिवेशन घेऊन मार्ग काढावा लागला.

ते भांडण मुख्यतः पत्रे आणि लहान पाकिटांबद्दलचे होते. ईएमएसचा व्यवहार पहिल्यापासून निराळा आहे. एखाद्या देशाने ही सेवा सुरू केली की तो ज्या ज्या देशांशी ती चालवू इच्छितो त्यांच्याशी करार करतो, बटवड्याचा दर ठरवतो आणि वजनाच्या मर्यादा कळवतो. म्हणूनच एका देशाला तीस किलोपर्यंत पाठवता येते आणि दुसऱ्याला वीसच. भारतात स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. सुरुवातीच्या वर्षांत हे करार असूनही सेवा देशागणिक वेगळी वाटे. एकाकडे तिसऱ्या दिवशी वाटप, तर दुसऱ्याकडे वस्तू पोहोचली की नाही हे कळायलाच महिना लागायचा. हा विस्कळीतपणा दूर करण्यासाठी जागतिक टपाल संघाच्या छत्राखाली १९९८ मध्ये ईएमएस सहकारी संस्था उभी राहिली. तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे, वर्गणी सदस्य खातीच भरतात आणि तिचे कार्यालय बर्नमध्ये आहे. आपल्या भागातल्या वाचकाला सहकारी संस्था म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. दूध संघात ज्याप्रमाणे प्रत्येकाचे दूध एकाच फूटपट्टीने, फॅट लावून मोजले जाते, त्याप्रमाणे इथे प्रत्येक खात्याचे काम एकाच मोजपट्टीने मोजले जाते आणि त्याचे गुणपत्रक सदस्यांपुढे ठेवले जाते.

ही मोजणी केवळ शोभेची नाही, ती पैशाला जोडलेली आहे. वस्तूवरील काळ्या रेषांच्या पट्टीची (बारकोडची) नोंद किती ठिकाणी आणि किती वेळेत झाली, ती माहिती पाठवणाऱ्या खात्याला किती लवकर मिळाली, ठरलेल्या दिवशी बटवड्याचा प्रयत्न झाला का, आणि चौकशीला उत्तर वेळेत दिले का, हे सगळे तपासले जाते. काम मानकाला उतरले नाही, तर वाटणाऱ्या खात्याला मिळणाऱ्या रकमेत कपात होते. दोन खात्यांमधील हिशेब रुपयांत किंवा युरोत मांडला जात नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे एसडीआर हे हिशेबी एकक वापरतात, म्हणजे कोणा एका देशाच्या चलनाच्या चढउताराचा फटका दुसऱ्याला कमी बसतो. आपल्याला यातून लक्षात ठेवायचे ते इतकेच की वस्तूची नोंद करण्यात तिकडच्या खात्याचा स्वतःचा आर्थिक फायदा आहे. म्हणून तिकडे नोंद नाही याचा अर्थ बहुतांश वेळा वस्तू त्यांच्या यंत्रापुढे अजून आलेली नाही, असाच असतो. लपवाछपवीचा संशय आपण मनातून काढून टाकावा.

आता आपली पावती हातात घ्या. तिच्यावरचा क्रमांक तेरा चिन्हांचा आहे: आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. पहिले अक्षर ‘ई’ असेल तर ती ईएमएस वस्तू आहे, ‘सी’ असेल तर साधे पार्सल आणि ‘आर’ असेल तर नोंदणी टपाल. शेवटची ‘आयएन’ ही अक्षरे भारताची. नऊ अंकांपैकी पहिले आठ हा अनुक्रमांक असतो आणि नववा पडताळणीचा. समजा अनुक्रमांक १२३४५६७८ आहे. या आठ अंकांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ ने गुणून बेरीज करायची. ती २०४ येते. तिला ११ ने भागले की बाकी ६ उरते, आणि ११ मधून ६ वजा केले की ५. म्हणजे नववा अंक ५ असायला हवा. (वजाबाकी १० आली तर शून्य धरतात आणि ११ आली तर ५.) मी हे इतक्या बारकाईने सांगतो त्याला कारण आहे. फिकट पावतीवरचा ३ हा ८ म्हणून वाचला गेला आणि त्या चुकीच्या क्रमांकावर दोन-दोन आठवडे चौकशी चालू राहिली, अशी प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत आपला क्रमांक बरोबर आहे की नाही हे घरीच ठरवता येते. मुलीला कळवतानाही तो आकडा फोनवर सांगू नका, पावतीचा फोटो पाठवा.

‘मुंबईहून रवाना’ या शब्दांचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. ही नोंद विमान उडाल्याची नसते. परदेशी टपाल जिथे बांधले आणि सोडले जाते त्याला विनिमय कार्यालय म्हणतात. तिथे आपली वस्तू त्या देशाच्या थैलीत बंद झाली, थैलीला खूणचिठ्ठी लागली आणि ती थैली त्या दिवशीच्या रवानगीत चढवली गेली, म्हणजे ‘रवाना’. त्याच क्षणी तिकडच्या विनिमय कार्यालयाला एक इलेक्ट्रॉनिक पूर्वसूचना जाते: अमुक क्रमांकाच्या रवानगीत इतक्या थैल्या, या थैलीत या वस्तू. त्यानंतर थैली विमान कंपनीच्या ताब्यात जाते. प्रवासी विमानात आधी प्रवाशांचे सामान चढते आणि उरलेल्या जागेत इतर माल व टपाल. जागा नसली तर थैली विमानतळावरच पुढच्या विमानाची वाट पाहते. थेट विमान नसेल तर तिसऱ्या देशात उतरवून दुसऱ्या विमानात चढवली जाते. या सगळ्या काळात आपल्याला पडद्यावर काहीच दिसत नाही, कारण थैली उघडलेलीच नसते. पुढची नोंद थैली तिकडच्या विनिमय कार्यालयात उघडून वस्तूवरची पट्टी वाचली की मगच होते.

मग थैलीच हरवली तर कळणार कसे? प्रत्येक थैलीच्या चिठ्ठीवर एकोणतीस चिन्हांचा क्रमांक असतो. कुठून निघाली, कुठे जायची, कोणत्या वर्गाची, वर्षातील कितवी रवानगी, त्यातील कितवी थैली आणि वजन किती, हे सगळे त्यात भरलेले असते. रवानगीचे क्रमांक ओळीने चालतात, त्यामुळे २१२ आणि २१४ पोहोचल्या आणि २१३ आली नाही, तर पाठवणाऱ्याने काही विचारण्याआधीच घेणाऱ्याच्या ते लक्षात येते. थैली आली पण वजन जुळले नाही, किंवा यादीतली एखादी वस्तू आत सापडली नाही, तर घेणाऱ्या खात्याने तातडीने पडताळणीपत्र पाठवायचे असते. ते पाठवले नाही, तर सगळे व्यवस्थित मिळाले असे धरले जाते. या नियमाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पुढे जबाबदारी ठरवताना सगळे याच्यावर फिरते. जागतिक टपाल संघाचे तत्त्व असे आहे की ज्या खात्याने वस्तू विनातक्रार ताब्यात घेतली आणि ती पुढे दिल्याचा किंवा तिचा बटवडा केल्याचा पुरावा जे दाखवू शकत नाही, त्या खात्यावर जबाबदारी राहते. ‘आमच्याकडे आलेली नाही’ एवढे म्हणून कोणाला सुटता येत नाही. थैलीचे काय झाले ते सांगावे लागते.

दिवस लागण्याचे आणखी एक कारण गेल्या काही वर्षांत वाढले आहे, आणि ते पुष्कळदा आपल्याच खिडकीवर जन्माला येते. पूर्वी सीमाशुल्काचे घोषणापत्र कार्बन लावून हाताने लिहायचे आणि वस्तूला चिकटवायचे. तिकडचा अधिकारी वस्तू पोहोचल्यावर ते वाचे. आता ही माहिती वस्तूच्या आधी तिकडे पोहोचावी लागते. अमेरिकेने त्यासाठी २०१८ मध्ये कायदा केला. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून विमानाने येणाऱ्या टपालासाठी आगाऊ सुरक्षा तपासणी सुरू केली. वस्तू विमानात चढण्याआधीच तिकडचे सीमाशुल्क खाते घोषणापत्रातील माहिती तपासते आणि माहिती अपुरी असेल तर आणखी मागवते किंवा वस्तू चढवू नका असेही कळवू शकते. या तपासणीत ‘भेट’, ‘सामान’, ‘कपडे’ असली वर्णने चालत नाहीत. भेट हा पाठवण्याचा हेतू झाला. त्यासाठी अर्जात वेगळा चौकोन असतो. वर्णनाच्या रकान्यात वस्तू कोणती, कशाची, किती नग आणि प्रत्येकाची किंमत किती, हे लिहायचे असते.

आपल्या चपलांचेच उदाहरण घेतो. इंग्रजी लिपीत नुसते ‘चप्पल’ लिहिले तर तिकडच्या अधिकाऱ्याला त्यातून काही बोध होत नाही. सुभाषनगरातील एका कारागिराचे सहा जोड केवळ या एका शब्दापायी तिकडच्या तपासणीत तीन आठवडे पडून राहिलेले मी पाहिले आहेत. खरे तर आपल्या चपलेला जगाच्या मालवर्गीकरणात तिची स्वतःची जागा आहे. ६४०३२० या सहा अंकी क्रमांकाचे वर्णन असे आहे: तळ चामड्याचा, आणि वरचा भाग पायाच्या उंचवट्यावरून व अंगठ्याभोवती जाणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यांचा. पट्टा आणि अंगठा, दोन्ही त्यात आले. हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा कोणीतरी आपल्या चप्पल लाइनीत, म्हणजे कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात, बसून ते लिहिले असावे असेच मला वाटले. तेव्हा वर्णनात ‘चामड्याच्या सँडल, दोन जोड’ असे इंग्रजीत लिहावे, पुढे हा क्रमांक घालावा, साडी सुती की रेशमी ते लिहावे आणि मसाल्यापुढे ‘कोरडी मिरची-मसाला पूड, कंपनीचे बंद पाकीट’ असे नोंदवावे. आपल्या पावतीसोबतच्या घोषणापत्रावर काय लिहिले आहे ते आज पाहून घ्या. तिथे ‘भेटवस्तू’ एवढेच असेल, तर उशिराचे कारण तेच असण्याची शक्यता मोठी आहे.

बांधणीविषयीही सांगितले पाहिजे, कारण त्याची शिकवण मला महागात पडली. नोकरीच्या मधल्या काळात मी एका कार्यालयात खिडकीवर असताना एका गृहस्थांनी मुलाला पाठवायच्या चपला आणल्या. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्या पांढऱ्या कापडात शिवलेल्या होत्या आणि टाक्यांवर लाखेचे ठिपके होते. चपला नव्या होत्या, पण मऊ पडाव्यात म्हणून घरी भरपूर तेल पाजले होते. मी पट्टी कापडावर चिकटवली आणि वस्तू घेतली. वाटेत तेल कापडात उतरले, पट्टीच्या काळ्या रेषा पसरल्या आणि यंत्राला त्या वाचता येईनात. मुंबईनंतर एकही नोंद झाली नाही. वडील रोज खिडकीवर येत, मी रोज तेच उत्तर देई. अडीच महिन्यांनी मुलाचे पत्र आले की चपला केव्हाच मिळाल्या, त्याला वाटले वडिलांना ठाऊक असेल. बटवडा झालेल्या वस्तूसाठी दोन देशांच्या खात्यांमध्ये पत्रव्यवहार चालू होता. चूक माझी होती, मी पट्टी कापडावर लावायलाच नको होती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: तेल लावायचे असेल तर आठ दिवस आधी लावून चपला उन्हात नव्हे, सावलीत कागदावर वाळू द्या, प्रत्येक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, बाहेरून कडक पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि पट्टी खोक्याच्या सपाट पृष्ठभागावर, कडेवरून न वळवता लावून घ्या.

वस्तू तिकडे उतरल्यावर लगेच बटवडा होत नाही; आधी ती सीमाशुल्कापुढे ठेवली जाते. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालालाही मूल्यवर्धित कर लागतो. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला मोबदला न घेता क्वचित पाठवलेल्या भेटीला ४५ युरोपर्यंत सूट आहे. रुपयांत हे साधारण पाच हजारांच्या आसपास जाते. चपलांचे दोन जोड आणि साडी मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते, मग मुलीला कर आणि वर हाताळणीचे शुल्क भरावे लागते, आणि ते भरेपर्यंत वस्तू अडकून राहते. पुष्कळ जण यावर उपाय म्हणून किंमत कमी लिहितात. मी तसे कधीही करू देत नाही. ते खोटे निवेदन ठरते, आणि वस्तू गहाळ झाली तर भरपाई मागताना आपणच लिहिलेली किंमत आपल्या आड येते. त्याऐवजी वस्तू दोन वेगळ्या प्रसंगी पाठवाव्यात, नाहीतर कर भरण्याची तयारी ठेवावी. मसाल्याबरोबर पेढे, बर्फी किंवा तूप मात्र पाठवू नका. युरोपीय संघात टपालाने येणाऱ्या खासगी वस्तूंमध्ये दुग्धजन्य आणि मांसजन्य पदार्थांना बंदी आहे आणि असा पदार्थ सापडला तर सबंध वस्तूच अडचणीत येऊ शकते.

चौकशी कशी चालते ते आता सांगतो. ईएमएस सहकारी संस्थेने सदस्य खात्यांच्या ग्राहककक्षांना जोडणारी एक संगणकीय प्रणाली उभारली आहे. येथून नोंदवलेली चौकशी त्या प्रणालीतून थेट तिकडच्या कक्षाच्या पडद्यावर उमटते, तिला उत्तर देण्याची मुदत ठरलेली असते आणि मुदत पाळली की नाही याची नोंद त्या खात्याच्या गुणपत्रकात जाते. मुलीने फोन केल्यावर तिला मिळालेले उत्तर आणि आपल्या खात्याने या वाटेने विचारल्यावर मिळणारे उत्तर, यांत म्हणूनच फरक पडतो. फोनवरचा माणूस फक्त आपल्या पडद्यावर वस्तू आहे का एवढेच पाहतो. प्रणालीतल्या चौकशीत थैली, रवानगी आणि विमान यांचा माग काढावा लागतो. वस्तू दिसत नाही हे लक्षात आल्यावर चौकशी जितकी लवकर दाखल होईल तितके बरे. दोन-तीन महिन्यांनंतर जुन्या थैलीचा आणि विमानाचा माग काढणे सगळ्यांनाच जड जाते.

सहकार्य कितीही पक्के असले तरी ते दोन्ही सरकारांच्या निर्णयांच्या पुढे जाऊ शकत नाही, याचे भान मात्र ठेवावे लागते. मार्च २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा जगभरचे टपाल अडकले आणि काही टपाल चीनहून युरोपला रेल्वेने न्यावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी काढून घेतली. शुल्क कोणी गोळा करायचे आणि तिकडे कसे भरायचे हे ठरलेलेच नसल्याने भारतासह अनेक देशांच्या खात्यांना अमेरिकेचे बुकिंग थांबवावे लागले. आपल्या खात्याने शुल्क येथेच भरून घेण्याची व्यवस्था केली आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून सेवा पुन्हा सुरू केली. मधल्या दीड-पावणेदोन महिन्यांत तयार माल घरात ठेवून बसलेले कारागीर मला रोज फोन करत होते. त्यांच्या दिवाळीचा हंगाम त्यातच गेला.

खासगी कुरिअरविषयीचे माझे मत सरळ आहे. प्रवेशपत्र, व्हिसाची कागदपत्रे, ठरावीक तारखेलाच लागणारी वस्तू असेल आणि जास्त पैसे मोजण्याची तयारी असेल, तर खासगी कंपनीकडे जावे. एकाच मालकाच्या हाती सगळा प्रवास असल्याचा फायदा तिथे खरोखरच मिळतो. पण चपलांसारख्या वस्तू पाठवताना या कंपन्या खोक्याच्या आकारमानावरून वजन धरतात आणि हलका पण मोठा खोका महाग पडतो. शिवाय दूरच्या खेड्यात राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचण्याचे बंधन त्यांच्यावर नसते, टपाल खात्यावर असते. घरगुती भेटीसाठी मी आजही स्पीड पोस्टच सुचवतो. ज्यांना विक्रीसाठी नियमित पाठवायचे आहे त्यांनी २०२२ पासून सुरू झालेल्या डाकघर निर्यात केंद्रांची सोय घ्यावी. तिथे निर्यातीचे टपाल घोषणापत्र आपणच संगणकावर भरतो, त्यामुळे वर्णनाची अचूकता खिडकीवरच्या घाईवर अवलंबून राहत नाही. त्यासाठी आयात-निर्यात क्रमांक लागतो; आपल्यासारख्या घरगुती भेटीला त्याची गरज नाही.

आता आपल्या वस्तूचे. अकरा दिवस ही काळजीची वेळ आहे, पण हरवली म्हणण्याची नाही. उद्याच पावती, घोषणापत्राची प्रत आणि ओळखपत्र घेऊन जिथे नोंदणी केली त्याच कार्यालयात जा. खिडकीवर तोंडी विचारू नका; ‘आंतरराष्ट्रीय ईएमएस चौकशी नोंदवायची आहे’ असे सांगून लेखी अर्ज द्या, आणि नकार मिळाला तर पोस्टमास्तरांना भेटा. अर्जात तेरा चिन्हांचा क्रमांक, नोंदणीची तारीख, वजन, आतील वस्तूंचे तपशीलवार वर्णन, खोक्याचा रंग व आकार, मुलीचा संपूर्ण पत्ता, तिचा तिकडचा फोन क्रमांक आणि ईमेल लिहा. विद्यार्थी वसतिगृहात राहत असेल तर खोली क्रमांक आणि दारावरच्या घंटीवर ज्याचे नाव आहे ते नावही लिहा. युरोपात बटवडा करणारा माणूस घंटीवरचे नाव शोधतो आणि ते सापडले नाही तर वस्तू परत नेतो. अर्जासोबत एक प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा: माझी वस्तू कोणत्या रवानगीच्या कितव्या थैलीत होती आणि त्या थैलीच्या पोचीचा संदेश आला आहे का? हा प्रश्न वाचला की अर्ज आपोआप परदेशी टपाल पाहणाऱ्या माणसाच्या टेबलावर जातो. चौकशीचा क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठू नका, आणि आठ दिवसांत उत्तर आले नाही तर तोच क्रमांक घालून विभागाच्या वरिष्ठ अधीक्षकांना पत्र द्या. मुलीला सांगा की अनोळखी क्रमांकावरून येणारे फोन या काळात घ्यावेत आणि घरी येणाऱ्या चिठ्ठ्या नीट पाहाव्यात, कारण सीमाशुल्काकडून माहिती मागवली गेली असेल तर ती तिच्याकडेच मागितली जाईल आणि उत्तरासाठी थोडेच दिवस मिळतील. त्यासाठी चपला, साडी आणि मसाल्याच्या खरेदीच्या पावत्यांचे फोटो आजच तिच्याकडे पाठवून ठेवा.